फिशमीलच्या जागी काय घालू? आधी मासा किती ग्रॅमचा ते सांगा

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडतो, चुकलं तर सांगा. तुम्ही कॅटफिशचं खाद्य स्वतःच तयार करता. शंभर किलो मिश्रणात दहा किलो फिशमील (वाळवलेल्या मासळीची भुकटी), बाकी सोयाबीन पेंड, मका आणि कोंडा. फिशमील परवडेनासं झालंय, शिवाय दर खेपेला माल वेगळा येतो. म्हणून पोल्ट्री मील, रक्ताची भुकटी, पिसांची भुकटी किंवा काळ्या माशीच्या अळ्या यांतलं काहीतरी घालायचा विचार आहे. कुणीतरी कोंबडीची आतडी उकडून थेट तळ्यात टाका असाही सल्ला दिलाय. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "ज्यात सगळ्यात जास्त प्रोटीन असेल ते सांगा, तेच घेतो."

त्या शेवटच्या वाक्यापाशी मी अडखळलो. पंधराएक वर्षांपूर्वी हेच वाक्य डोक्यात धरून मी खाद्य बनवायला लागलो होतो आणि पहिल्याच हंगामात हात पोळून घेतले. पिसांच्या भुकटीच्या पोत्यावर ८२ टक्के प्रोटीन छापलेलं होतं, माझं फिशमील ६० टक्क्यांचं. दहा किलो फिशमील काढलं, साडेसात किलो पिसांची भुकटी घातली, कागदावर प्रोटीनचा आकडा बरोबर जुळला आणि वर पैसे वाचले. मासे खात होते, मरतही नव्हते. पण दीड महिन्यानं जाळं टाकून वजन केलं तर नेहमीच्या जेमतेम पाऊण वाढ. काय बिघडलं ते कळेना. शेवटी उरलेल्या पोत्यातली चिमूटभर भुकटी ओली करून बोटांत चोळली, तर पिसाच्या देठाच्या बारीक काड्या टोचल्या. माशांनी ते खाल्लं होतं आणि जसंच्या तसं मागून सोडलं होतं.

पीस म्हणजे केराटिन. त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी इतक्या घट्ट बांधलेल्या असतात की पोटातले पाचक रस त्यांना हात लावू शकत नाहीत. दाबाखालच्या वाफेत व्यवस्थित शिजवलं तरच ते बंध तुटतात. प्रयोगशाळा मात्र नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणून 'प्रोटीन' सांगते. तो नायट्रोजन माशाच्या अंगी लागणारा आहे की नाही, हे त्या आकड्यात दिसत नाही. युरियातही नायट्रोजन असतोच की.

दुसरी भानगड त्याहून मोठी. माशाला प्रोटीन असं वेगळं लागतच नाही, त्याला अमिनो आम्लं लागतात. त्यातली दहा त्याला स्वतःला बनवता येत नाहीत, ती खाद्यातूनच मिळावी लागतात, आणि दहापैकी एक जरी कमी पडलं तरी बाकीची नऊ स्नायू बांधायला पुरेशी वापरली जात नाहीत. ती जाळली जातात आणि अमोनिया होऊन तळ्यात येतात. म्हणजे तुम्ही प्रोटीन विकत घेऊन पाणी खराब करता. कॅटफिशच्या खाद्यात पहिलं तुटतं ते लायसिन. अमेरिकेत पाळतात त्या चॅनल कॅटफिशवर याबाबत भरपूर काम झालंय: खाद्यातल्या प्रोटीनच्या साधारण ५.१ टक्के लायसिन हवं, आणि मेथिओनिन व सिस्टिन मिळून २.३ टक्के.

आता तुमच्याच शंभर किलोचा हिशेब करू. आकडे ढोबळ आहेत, माल बदलला की थोडे हलतील.

दहा किलो फिशमीलमधून सहा किलो प्रोटीन आणि अंदाजे ४५० ग्रॅम लायसिन येतं. तेच सहा किलो प्रोटीन पिसांच्या भुकटीतून आणायचं तर सव्वासात किलो भुकटी लागेल आणि लायसिन मिळेल फक्त १५० ग्रॅमच्या आसपास. रक्ताची भुकटी सात किलो लागेल, लायसिन ५०० ग्रॅम, म्हणजे फिशमीलहूनही जास्त. ऐकायला छान, पण रक्तात आयसोल्यूसिन नावाचं दुसरं अमिनो आम्ल जवळपास नसतंच. दहा किलो फिशमील सुमारे २५० ग्रॅम आयसोल्यूसिन देतं, रक्त देईल ६० ग्रॅम. वर रक्तात ल्यूसिन इतकं जास्त असतं की ते उरलंसुरलं आयसोल्यूसिनही वापरू देत नाही. चांगल्या पोल्ट्री मीलचे दहा किलो घेतले तर प्रोटीन सहा किलो आणि लायसिन ३२० ग्रॅम. फिशमीलपेक्षा कमी, पण कुठेही खड्डा नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की फिशमीलला तोड नाही. पण तुमच्या मिश्रणात सोयाबीन पेंड आहे. ३२ टक्के प्रोटीनच्या खाद्याला शंभर किलोमागे साधारण १.६३ किलो लायसिन हवं. समजा ४५ किलो सोयाबीन पेंड आहे, तर तिच्यातून १.३ किलो आलंच. मका-कोंड्यातून आणखी शंभरेक ग्रॅम. राहिले सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम. एवढं पोल्ट्री मील सहज भरून काढतं, पिसांची भुकटी नाही काढत. मी जे पाऊण वजन पाहिलं ते याच शंभर ग्रॅमच्या तुटीचं आणि न पचलेल्या काड्यांचं.

म्हणून मी प्रश्न असा फिरवतो: सोयाबीन पेंडीनं जे दिलं नाही, ते कोण देईल? सोयाबीन नसलेल्या मिश्रणात, म्हणजे नुसत्या कोंडा-भुईमूग पेंडीवर खाद्य चालत असेल, तर माझं सगळं गणित बदलतं. भुईमुगाच्या पेंडीत लायसिन कमीच असतं, तिथे प्राण्याच्या प्रोटीनवर भार जास्त पडतो.

आता शीर्षकातल्या ग्रॅमकडे येतो. कॅटफिश म्हणजे एक मासा नव्हे, आणि एकाच माशाच्याही वयाप्रमाणे गरजा बदलतात. पोटाखालची पिवळ्या बलकाची पिशवी संपून नुकतं खायला लागलेलं पिल्लू ४५ ते ५० टक्के प्रोटीन मागतं, आणि त्याची पचनसंस्था वनस्पतीचं प्रोटीन पेलायला तयार नसते. तिथे फिशमील वाचवायला जाऊ नका. तसंही पिल्लं खातात किती? सगळ्या हंगामातलं खाद्य धरलं तर त्यांच्या पोटात काही किलोच जातात. तिथली काटकसर म्हणजे लग्नाच्या खर्चात अक्षता कमी करणं. बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या झालेल्या पिल्लाला, ३५ टक्क्यांच्या आसपास. पुढे चॅनल कॅटफिश २८ ते ३२ टक्क्यांवर आणि पंगासियस त्याहूनही कमीवर वाढतो. मागूरच्या कुळातले मासे जास्त मांसाहारी, त्यांना मोठेपणीही ३५ ते ४० टक्के लागतं आणि त्यात प्राण्याचा वाटाही जास्त लागतो.

चॅनल कॅटफिशचं उदाहरण मला नेहमी उपयोगी पडतं. पेरूच्या किनाऱ्यावरची अँकोव्ही मासळी १९७२-७३ च्या एल निनोमध्ये कोसळली, फिशमीलचे भाव उसळले, आणि जगभरच्या खाद्य बनवणाऱ्यांना सोयाबीनकडे नीट बघावं लागलं. (हे पुन्हा पुन्हा होतं. २०२३ मध्ये पेरूनं मध्य-उत्तर किनाऱ्याचा पहिला हंगामच रद्द केला होता. तुमचं फिशमील महागण्यामागे तुमच्या गावचा व्यापारी दरवेळी असतोच असं नाही.) अमेरिकेच्या मिसिसिपी खोऱ्यात पुढच्या काही दशकांत कॅटफिशच्या खाद्यातलं फिशमील कमी होत होत मोठ्या माशाच्या खाद्यातून जवळपास गेलंच. सोयाबीन पेंड, मका, सरकी पेंड यांवर तिथला मासा वाढतो. अमिनो आम्लं, फॉस्फरस आणि जीवनसत्त्वं जुळवली तर मोठ्या चॅनल कॅटफिशला प्राण्याचं प्रोटीन जवळजवळ नसलं तरी चालतं. तेव्हा तुमचा मासा शंभर-दीडशे ग्रॅमच्या पुढे असेल, तर 'दहा किलोला पर्याय काय' यापेक्षा 'दहा किलो हवेतच का' हा प्रश्न आधी विचारा. मागूर असेल तर विचारू नका.

एवढं मान्य असेल तर आता एकेका मालाबद्दल, मी तो कसा वापरतो ते सांगतो.

पोल्ट्री मील मला सगळ्यात पसंत. डोकी, पाय, आतडी शिजवून, चरबी काढून, वाळवून केलेली भुकटी. प्रोटीन ५८ ते ६५ टक्के. पिसं त्यात मिसळलेली नसावीत, आणि पायच पाय भरले असतील तर राख, म्हणजे हाडांतल्या खनिजांचा वाटा, वाढते, म्हणून खरेदी करताना प्रोटीनबरोबर राखेचा आकडाही मागतो. १५ टक्क्यांच्या आत असेल तर घेतो, २० च्या वर गेला तर हाडंच विकत घेतोय असं समजतो.

मांस-हाडांची भुकटी थोडी स्वस्त, प्रोटीन ५० टक्क्यांच्या आसपास, राख मात्र ३० पर्यंत. ती पाच-सहा किलोच्या पुढे नेली की गोळी जड आणि खरखरीत होते. तिचा एक गुण मात्र लोक विसरतात: फॉस्फरस. फिशमील काढताना तुम्ही नकळत फॉस्फरसही काढता. पेंड आणि कोंड्यातला बहुतेक फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो, माशाला तो सोडवता येत नाही. मग वाढ मंदावते, हाडं कच्ची राहतात, आणि माणूस प्रोटीन वाढवत बसतो. मांस-हाडांची भुकटी नसेल तर दहा किलो फिशमीलच्या बदल्यात शंभर किलोमागे एक किलोच्या आसपास डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, घाला. सगळ्या उत्तरातली ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे.

रक्ताची भुकटी मी मिठासारखी वापरतो: एक ते दोन किलो, फार तर तीन. लायसिनची तूट भरायला तिच्यासारखं काही नाही. पण सुकवताना जास्त तापली की तेच लायसिन पहिलं जातं. फवाऱ्यानं झटपट सुकवलेली भुकटी लालसर तपकिरी असते, पाण्यात टाकली की पसरते. कढईत तासन्‌तास आटवलेली काळी, जळकट वासाची, आणि पाण्यात वाळूसारखी तळाशी बसते. कागदावर दोन्ही ८५ टक्के. दुसरी मी फुकटही घेत नाही.

पिसांच्या भुकटीबद्दल वर बोललोच. राग धरलेला नाही. नीट शिजवलेली असेल तर दोन-तीन किलो चालते, कारण तिच्यात सिस्टिन भरपूर असतं आणि ते मेथिओनिनचा थोडा भार उचलतं. रक्त आणि पिसं एकमेकांची उणीव थोडीफार झाकतात, म्हणून दोन्ही थोडी थोडी घालणं एकच भरपूर घालण्यापेक्षा बरं. चिमटीत चोळून बघायची सवय तेवढी ठेवा.

रेशीम काढून उरलेले प्युपे, म्हणजे कोशातले किडे, मिळत असतील तर नशीबवान आहात, पण घाईनं हुरळू नका. तेल न काढलेल्या वाळक्या प्युपांत प्रोटीन ५० टक्क्यांच्या वर आणि तेल २५ ते ३०. ते तेल झपाट्यानं खवट होतं. तेल काढलेला माल फिशमीलच्या तोडीचा. न काढलेला असेल तर आठवड्याभरात संपेल एवढाच आणा, आणि मासे काढण्याआधी दोन-तीन आठवडे बंद करा, नाहीतर त्याचा वास मांसात उतरतो.

गांडुळाची भुकटी चांगली असते, प्रोटीन ५५ ते ६५, पण खतासाठी पाळतात त्या लाल गांडुळांच्या अंगातला पिवळा स्राव माशांना आवडत नाही. उकळत्या पाण्यातून काढून वाळवल्याशिवाय घालू नये. आणि टनावारी गांडुळं आणणार कुठून, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

तेच आता काळ्या माशीच्या अळ्यांबद्दल, कारण तुमचा सगळ्यात जास्त उत्साह तिथे दिसतोय.

ब्लॅक सोल्जर फ्लायची अळी हा खरोखर चांगला माल आहे. उष्टं, सडकी फळं, भाजीचा पाला यांवर दोन आठवड्यांत वाढते, प्रौढ माशी फारसं खात नाही त्यामुळे घरमाशीसारखी अन्नावर बसून रोग पसरवत नाही. कॅटफिश तिच्यावर तुटून पडतो. पण तीन गोष्टी आधी ऐका.

पहिली, प्रोटीनचा आकडा फुगलेला असतो. अळीच्या सालीत कायटिन असतं आणि त्यातही नायट्रोजन असतो. त्यामुळे ६.२५ ऐवजी ४.७६ नं गुणावं, असं यावर काम करणाऱ्यांनी दाखवलंय. अहवालात ४२ टक्के असेल तर खरं प्रोटीन ३२ च्या जवळ. मिश्रण बसवताना मी तोच आकडा धरतो. अळी काळपट व्हायला लागली की साल आणखी जाड होते, म्हणून अजून फिकट असतानाच चाळा.

दुसरी, चरबी. वाळलेल्या अळीत ३० टक्क्यांच्या घरात चरबी असते. थोडीशी तेलघाणीत दाबून काढता आली तर उत्तम. तशीच दहा-बारा किलो घातली तर गोळी धड बांधली जात नाही आणि तरंगतं खाद्य बनवत असाल तर यंत्रात फुलत नाही. वर माशाच्या पोटात चरबीचे लोंबते पट्टे दिसायला लागतात. ती चरबी बरीचशी लॉरिक आम्लाची, म्हणजे खोबऱ्याच्या जातीची. माशाच्या तेलातलं ओमेगा-३ तिच्यात नसतं. मी वाळक्या अळीच्या भुकटीचे दहा किलो ही माझी वरची मर्यादा ठेवली आहे, आणि बहुतेक वेळा सहा-सातवर थांबतो.

तिसरी गोष्ट नुसता हिशेब आहे. ताज्या अळीत दोन तृतीयांश पाणी. शंभर किलो खाद्यात आठ किलो वाळकी भुकटी हवी तर चोवीस-पंचवीस किलो ताज्या अळ्या लागतात. एक टन खाद्याला अडीचशे किलो. आणि एक किलो ताज्या अळीला पाच-सहा किलो ओला कचरा धरा, म्हणजे टनामागे सव्वा ते दीड टन कचरा आणायचा, दळायचा, पसरायचा, चाळायचा आणि उरलेलं खत हलवायचं. हे वाईट नाही, पण हा मासे पाळण्याच्या शेजारी उभा केलेला दुसरा धंदा आहे, त्याला दुसरा माणूस लागतो. माझ्या ओळखीतल्या एकानं मुलाला त्यासाठीच घातलं आणि त्याचं चाललं. मी दोन टोपल्यांनी सुरुवात केली, महिन्याभरात मुंग्या आणि कोळी यांच्याशी लढून हरलो. आता अळी ताजीच, बोटुकल्यांना वरखाणं म्हणून देतो. त्यासाठी दोन टोपल्या पुरतात.

अळ्या कशावर वाढल्या तेही विचारा. त्या कॅडमियमसारखे जड धातू अंगात साठवतात. कारखान्याचा गाळ किंवा ओळख नसलेला कचरा नको.

मासे साफ करताना निघणारी डोकी-आतडी फुकट मिळत असतील तर त्यांचं सायलेज करा. बारीक दळायचं, वजनाच्या तीन टक्क्यांच्या आसपास फॉर्मिक आम्ल घालून रोज ढवळायचं. सामू ४ च्या खाली राहिला तर सडत नाही, स्वतःच्याच पाचक रसांनी विरघळून पातळ होतं. मग पिठात पाण्याऐवजी ते वापरायचं. त्यात पाणीच ७०-८० टक्के असल्यानं प्रोटीन फार येत नाही, पण चव येते. हातमोजे घाला, फॉर्मिक आम्ल कातडी जाळतं. दोन बंधनं: ज्या जातीचा मासा पाळता त्याच जातीचा कचरा त्याला घालू नका, रोग फिरत राहतो. आणि काही जातींच्या कच्च्या मासळीत थायमिनेज नावाचं विकर असतं, ते बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं, म्हणून सायलेज पातळ झाल्यावर, पिठात घालण्याआधी, शक्यतो गरम करून घ्या. आधीच वाफवलं तर पाचक रसही मरतात आणि ते विरघळत नाही.

चवीचा मुद्दा मुद्दाम सांगतो, कारण कॅटफिशच्या बाबतीत तो वेगळाच आहे. या माशाची चव फक्त तोंडात नसते. मिश्यांवर, ओठांवर, सगळ्या अंगावर चवीच्या गाठी असतात, मोठ्या चॅनल कॅटफिशच्या अंगावर लाखाच्या वर. पोहणारी जीभच म्हणा ना. अ‍ॅलानिन आणि आर्जिनिन ही दोन अमिनो आम्लं तो पाण्यात अगदी थोडी असली तरी ओळखतो. फिशमील एकदम शून्यावर आणलं की पहिले चार-पाच दिवस मासे गोळीपाशी येतात, मिशी लावतात आणि वळतात. ते वळणं मी खूपदा काठावर बसून पाहिलंय. बुडणारं खाद्य असेल तर तुम्हाला तेही दिसत नाही, गोळी तळाशी सडते आणि तुम्ही म्हणता नवं खाद्य लागू पडलं नाही. म्हणून दोन किलो फिशमील किंवा थोडं सायलेज ठेवाच, आणि बदल दहा दिवसांत हळूहळू करा.

कोंबडीची आतडी उकडून थेट तळ्यात. यावर माझं मत मऊ नाही. आतड्यांत तीन चतुर्थांश पाणी, उरलेल्यात चरबी जास्त. मोठे मासे ओढून नेतात, लहान उपाशी राहतात, आणि मागूरमध्ये अशी तफावत पडली की मोठे लहानांनाच खातात. न खाल्लेले तुकडे तळाशी सडतात, पहाटेचा प्राणवायू घसरतो. नीट न उकडलेल्या मालात साल्मोनेला असतो तो तळ्यातून तुमच्या हातापर्यंत येतो. आणि शिळ्या आतड्यांच्या खवट चरबीनं यकृत बिघडतं. असा एक पिवळा पडलेला मागूर मी चिरला होता, पोटाची कातडी, चरबी, यकृत सगळं हळदीत बुडवल्यासारखं. तोच माल शिजवून, चरबी काढून, वाळवून, दळून गोळीत गेला तर पोल्ट्री मील होतो. मधल्या चार पायऱ्यांचेच पैसे आपण देतो.

नियमांकडेही बघा, ते प्रत्येक देशाचे वेगळे. गायींच्या मेंदूच्या रोगामुळे युरोपीय संघानं २००१ मध्ये मांस-दुधासाठी पाळलेल्या जनावरांच्या खाद्यातली प्राणिज भुकटी जवळजवळ सरसकट बंद केली होती. माशांसाठी डुक्कर-कोंबडीची भुकटी २०१३ मध्ये पुन्हा खुली झाली, कीटकांची २०१७ मध्ये. रवंथ करणाऱ्या जनावरांची अजूनही नाही. मासा निर्यातीसाठी घेणारा कुणी असेल तर खाद्यात काय होतं हे तो विचारतोच.

तर मोठ्या माशासाठी, सोयाबीन पेंड ४५ किलो आहे असं धरून, मी दहा किलो फिशमीलच्या जागी हे घालीन: पोल्ट्री मील पाच, रक्ताची भुकटी एक, फिशमील दोन, डीसीपी एक आणि सोयाबीन पेंड आणखी एक. प्रोटीन सहाऐवजी साडेपाच किलो भरतं, म्हणजे एकूण खाद्य अर्ध्या टक्क्यानं उतरतं. शंभर-दीडशे ग्रॅमच्या पुढच्या माशाला ते जाणवत नाही. लायसिन साडेतीनशे ग्रॅम, आपली गरज अडीचशेची होती. वरचं शंभर ग्रॅम पचनातल्या गळतीसाठी. बोटुकलीला फिशमील पाचच्या खाली नेऊ नका.

माल घेताना तीन घरगुती चाचण्या मी अजूनही करतो, फिशमीलसकट सगळ्यांवर. काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळून पाच मिनिटं ठेवायचं, वाळू तळाशी वेगळी बसते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकायचे, जोरात फसफसलं तर शिंपल्याची किंवा चुनखडीची भेसळ. आणि युरियासाठी: दोन बाटल्यांत थोडी थोडी भुकटी आणि कोमट पाणी, त्यातल्या एकीत चमचाभर कच्च्या, न भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. झाकण लावून अर्धा तास ठेवायच्या. सोयाबीनमधलं विकर युरियाचा अमोनिया करतं. पिठाच्या बाटलीला नाकात जाणारा वास आणि दुसरीला नसेल, तर पोतं परत. दुसरी बाटली कशाला म्हणाल, तर शिळ्या फिशमीलला मुळातच अमोनियाचा वास असतो, फरक कळायला हवा. खवटपणासाठी मात्र नाकासारखं यंत्र नाही. जुन्या तेलाच्या डब्यासारखा वास आला की माल कितीही स्वस्त असो, सोडून द्या. खवट तेल खाद्यातलं ई जीवनसत्त्व खाऊन टाकतं.

सगळं तळं एकदम नव्या खाद्यावर टाकू नका. त्याच तळ्यात सहा हापे, म्हणजे जाळीचे पिंजरे, लावा, तीन जुन्या खाद्याचे, तीन नव्या. प्रत्येकात एकाच मापाचे पंचवीस-तीस मासे, आठ आठवडे, दर पंधरा दिवसांनी वजन. किती खाद्य घातलं ते वहीत लिहा, अंदाजानं नको. शेवटी दोन्हीकडचे तीन-तीन मासे चिरून यकृताचा रंग आणि पोटातली चरबी बघा.

आणि नफा खाद्याच्या किलोवर मोजू नका, माशाच्या किलोवर मोजा. जुन्या खाद्याचा एफसीआर, म्हणजे एक किलो मासा वाढवायला लागलेले खाद्याचे किलो, १.६ होता आणि नवं खाद्य दहा टक्के स्वस्त पडतंय, पण एफसीआर १.८ झाला, तर ०.९ गुणिले १.८ म्हणजे १.६२. एवढी धावपळ करून एक किलो मासा आधीपेक्षा किंचित महागच पडला, आणि काढायला दिवस जास्त लागले ते वेगळेच.

तुमचा मासा मागूर आहे की पंगासियस, सरासरी वजन किती, आणि मिश्रणात सोयाबीन पेंड नेमकी किती किलो, एवढं लिहा. गोळी तरंगती आहे की बुडणारी तेही. मग वरचा हिशेब तुमच्या मिश्रणावर बसवून देतो.